उपप्रश्नाला जागा कुठे?

'हार्डटॉक' बंद झाला, 'न्यूजनाइट'चा आकार घटला, भारतात चर्चेच्या चौकटी वाढल्या. दूरचित्रवाणीवरील मुलाखतीच्या बदलत्या साच्याचे हे विश्लेषण.

विधानसभेत किंवा लोकसभेत तारांकित प्रश्नाला मंत्र्यांनी उत्तर दिले म्हणजे विषय संपत नाही. उत्तर अपुरे वाटले किंवा त्यातून नवी शंका निघाली, तर सदस्य उभे राहून उपप्रश्न विचारतात. अतारांकित प्रश्नाला ही सोय नाही. त्याचे लेखी उत्तर पटलावर येते आणि तेथेच विषय मिटतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर खात्याने लिहून दिलेले असते. दुसऱ्याचे मात्र मंत्र्यांना स्वतःच द्यावे लागते. म्हणूनच मंत्र्यांचा खरा कस लागतो तो उपप्रश्नांच्या वेळी. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीचा विषय लोकसभेत असाच प्रश्नांतून पुढे आला. फिरोज गांधी यांनी तो लावून धरला, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी त्याची उघड चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पद सोडावे लागले.

सभागृहाबाहेर या उपप्रश्नाला हक्काची जागा मिळवून दिली ती दूरचित्रवाणीवरील मुलाखतीने. एक प्रश्नकर्ता, एक पाहुणा, मधे टेबल आणि हाताशी पुरेसा वेळ, एवढ्याच सामग्रीवर हा प्रकार उभा राहिला. गेल्या काही वर्षांत मात्र ही जागा आक्रसत चालली आहे. बीबीसीने १९९७ मध्ये सुरू केलेला 'हार्डटॉक' हा मुलाखतींचा कार्यक्रम मार्च २०२५ मध्ये बंद झाला. त्याची घोषणा ऑक्टोबर २०२४ मध्ये, वृत्तविभागातील खर्चकपातीच्या निर्णयासोबतच करण्यात आली होती. त्याआधी, मे २०२४ पासून, बीबीसीचाच 'न्यूजनाइट' हा १९८० पासूनचा कार्यक्रम अर्ध्या तासावर आणण्यात आला. त्याच्यासाठी स्वतंत्रपणे काम करणारे बातमीदार आणि शोधवार्तांचे चित्रपट यांना कात्री लागली. उरल्या त्या मुलाखती आणि चर्चा. भारतातील वृत्तवाहिन्यांवर तर हे स्थित्यंतर त्याच्या किती तरी आधी घडून गेले होते. या तिन्ही घटनांकडे एकत्र पाहिले की लक्षात येते, की प्रश्न एखाद्या कार्यक्रमाच्या आयुष्याचा नाही. सत्तेवरील व्यक्तीला दुसरा प्रश्न विचारण्याची सोय कोणत्या साच्यात आहे आणि कोणत्या साच्यात नाही, हा तो प्रश्न आहे.

पाठमोरा प्रश्नकर्ता

मुलाखतीचा साचा ही केवळ मांडणीची बाब नव्हे, हे दूरचित्रवाणीच्या प्रारंभकाळातच ध्यानात आले होते. अमेरिकेत 'मीट द प्रेस' हा कार्यक्रम नोव्हेंबर १९४७ मध्ये सुरू झाला. तेथे एका पाहुण्यासमोर अनेक पत्रकार बसत. एकाचा प्रश्न पाहुण्याने चुकवला तर दुसरा पत्रकार तो उचलून धरी, हे त्या रचनेचे बळ होते. पुढे १९९१ ते २००८ या काळात टिम रसर्ट यांनी या कार्यक्रमाला वेगळे वळण दिले. पाहुण्याचे जुने वक्तव्य अक्षरशः पडद्यावर दाखवायचे आणि आजच्या वक्तव्याशी त्याचा मेळ कसा घालायचा, एवढेच शांतपणे विचारायचे, ही त्यांची पद्धत. आवाज चढवण्याची त्यांना क्वचितच गरज पडली. काम कागद करीत असे.

बीबीसीवर १९५९ ते १९६२ या काळात झालेल्या 'फेस टू फेस'मध्ये जॉन फ्रीमन कॅमेऱ्याकडे पाठ करून बसत. पडद्यावर दिसे तो पाहुण्याचा चेहरा. बर्ट्रांड रसेल, कार्ल युंग, मार्टिन ल्यूथर किंग अशा व्यक्ती त्या खुर्चीत बसून गेल्या. उत्तर देताना होणारी घालमेल, क्षणभराची शांतता, डोळ्यांतील बदल हे सारे प्रेक्षकाला थेट दिसे. हेच फ्रीमन पुढे १९६५ ते १९६८ या काळात ब्रिटनचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीत होते. आजच्या वाहिन्यांवर सर्वात मोठी चौकट सूत्रसंचालकाची असते, हे पाहता पाठमोऱ्या फ्रीमन यांचा तो साचा किती दूरचा वाटतो!

१९७७ मधील डेव्हिड फ्रॉस्ट आणि रिचर्ड निक्सन यांची मुलाखत हे या प्रकारातील सर्वात गाजलेले उदाहरण. १९७४ मध्ये राजीनामा दिलेले निक्सन यांना या मुलाखतीसाठी सहा लाख डॉलर देण्यात आले होते आणि त्यावरून फ्रॉस्ट यांच्यावर टीकाही झाली. मात्र प्रश्न आधी कळणार नाहीत आणि संपादनावर निक्सन यांचा अधिकार राहणार नाही, या अटींवर तडजोड झाली नाही. ध्वनिचित्रमुद्रण सुमारे २८ तासांहून अधिक चालले. फ्रॉस्ट यांच्या संशोधक चमूने वॉटरगेट प्रकरणातील एका संभाषणाची तोवर प्रसिद्ध न झालेली नोंद हुडकून काढली होती. ती ऐनवेळी समोर आल्यावर निक्सन यांचा बचाव डळमळला. अध्यक्षाने केलेली कृती बेकायदा ठरत नाही, अशा अर्थाचे त्यांचे विधान याच मुलाखतींतील. पहिल्या प्रश्नावर असे विधान कोणी करीत नाही. त्यासाठी प्रश्नामागून प्रश्न यावा लागतो आणि प्रत्येक प्रश्नामागे कोणाची तरी कित्येक दिवसांची मेहनत असावी लागते.

'न्यूजनाइट'च्या इतिहासातही असे दोन प्रसंग आहेत. १३ मे १९९७ रोजी जेरेमी पॅक्समन यांनी माजी गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांना एकच प्रश्न लागोपाठ बारा वेळा विचारला. तुरुंग प्रशासनाच्या प्रमुखाचा निर्णय फिरवण्याची धमकी तुम्ही दिली होती का, हा तो प्रश्न. हॉवर्ड यांनी अनेक उत्तरे दिली, पण त्या प्रश्नाचे दिले नाही; आणि प्रेक्षकाला जे कळायचे ते कळले. पुढील वृत्तचित्र तयार नसल्याने वेळ काढण्यासाठी आपण तोच प्रश्न विचारत राहिलो, असे पॅक्समन यांनी नंतर सांगितले. ते खरे मानले तरी, हातात वेळ होता म्हणूनच उपप्रश्न विचारला गेला, हे उरतेच. दुसरा प्रसंग १६ नोव्हेंबर २०१९ चा. एमिली मेटलिस यांनी तेव्हाचे प्रिन्स अँड्र्यू यांची जवळजवळ तासाभराची मुलाखत घेतली. आवाज शांत, भाषा सभ्य, पण प्रत्येक उत्तरानंतर त्या उत्तरातूनच निघालेला पुढचा प्रश्न. चारच दिवसांत अँड्र्यू यांना सार्वजनिक कर्तव्यांतून बाजूला व्हावे लागले. या मुलाखतीमागे त्या कार्यक्रमाच्या निर्मात्यांचे कित्येक महिन्यांचे प्रयत्न होते. बातमीदार आणि संशोधक कमी करून केवळ मुलाखत उरवता येते, या समजुतीतील धोका येथे आहे. मुलाखत म्हणजे दोन खुर्च्या नव्हेत. प्रश्नकर्त्याच्या मागे उभा असलेला, पण पडद्यावर न दिसणारा अभ्यास म्हणजे मुलाखत.

'हार्डटॉक'ची बांधणी याच धर्तीची होती. जेमतेम २४ मिनिटांचा वेळ, एकच पाहुणा आणि आरंभी टिम सेबॅस्टियन, नंतर स्टीफन सॅकर असे पूर्ण तयारीनिशी येणारे मुलाखतकार. या साच्यात पाहुण्यालाही संधी असे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मार्च २०२४ मध्ये गयानाचे अध्यक्ष इरफान अली यांना सॅकर यांनी खनिज तेलाच्या उत्खननामुळे होणाऱ्या कर्ब उत्सर्जनाबद्दल विचारले. अली यांनी त्यांना मधेच थांबवले आणि आपल्या देशाने राखलेल्या जंगलांची किंमत विकसित देशांनी कधी मोजली, असा उलट सवाल केला. ती चित्रफीत जगभर, भारतातही, मोठ्या प्रमाणावर पाहिली गेली. एका विकसनशील देशाच्या प्रमुखाला आपली बाजू सलग मांडता आली आणि मुलाखतकाराचे गृहीतक उघडे पाडता आले, ते याच साच्यामुळे. आठ जणांच्या गलक्यात ते शक्य झाले नसते.

बोलते करणे आणि उत्तर मागणे

भारतात या प्रकाराचे आगमन उशिरा झाले. दूरदर्शन १९५९ पासून असले तरी ते दीर्घकाळ थेट सरकारच्या अखत्यारीत होते. त्यामुळे मंत्र्याला पडद्यावर उलटतपासणीला सामोरे जावे लागण्याची शक्यता नव्हती. खासगी वाहिन्या आल्यावर १९९३ मध्ये झी टीव्हीवर रजत शर्मा यांची 'आप की अदालत' सुरू झाली. आरोपीचा पिंजरा, आरोपपत्र, टाळ्या वाजवणारे श्रोते आणि शेवटी निकाल असा तो साचा. नेत्याला पिंजऱ्यात बसलेले पाहण्याचा आनंद त्या काळात अपूर्व होता. तथापि न्यायालयाचा देखावा असला तरी फैसला टाळ्यांवर होत असे आणि हजरजबाबी पाहुणा एखाद्या कोटीवर सहज सुटून जाई.

पुढील दशकात एकास एक मुलाखतीचे काहीसे चांगले दिवस आले. शेखर गुप्ता यांचा 'वॉक द टॉक', प्रभू चावला यांची 'सीधी बात', करण थापर यांचा 'डेव्हिल्स अॅडव्होकेट' हे कार्यक्रम त्या काळातील. थापर यांनी बीबीसीच्या 'हार्डटॉक इंडिया'साठी २००४ मध्ये घेतलेली तामिळनाडूच्या तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता यांची मुलाखत अशीच गाजली. ही भेट आनंददायक नव्हती, असे जयललिता यांनी शेवटी तोंडावर ऐकवले. पण त्या मुलाखत संपेपर्यंत बसून राहिल्या. ऑक्टोबर २००७ मध्ये गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी मात्र २००२ च्या दंगलींविषयीच्या प्रश्नांनंतर अवघ्या काही मिनिटांत माइक काढून ठेवला आणि मुलाखत संपवली. जानेवारी २०१४ मध्ये राहुल गांधी यांनी अर्णब गोस्वामी यांना दिलेली मुलाखत सव्वा तासाच्या आसपास चालली. तीत प्रश्न कोणताही असला तरी माहितीचा अधिकार आणि महिलांचे सबलीकरण यांकडे वळणारी उत्तरे प्रेक्षकांनी पाहिली. या तिन्ही प्रसंगांत पाहुण्याच्या बाजूने किंवा विरोधात मत बनवण्यास प्रेक्षक मोकळा होता. मात्र मत बनवण्यासाठी लागणारा ऐवज त्याला मिळाला, तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नातून.

या प्रसंगांतून प्रमुख राजकीय पक्षांनी धडा घेतला तो वेगळाच. अशा खुर्चीत बसण्यात लाभापेक्षा जोखीम अधिक, हे ध्यानात आल्यावर मोठे नेते हळूहळू मुलाखतकार निवडून घेऊ लागले. एप्रिल २०१९ मध्ये, लोकसभा निवडणूक ऐन रंगात असताना, पंतप्रधानांची 'अराजकीय' मुलाखत अभिनेता अक्षय कुमार यांनी घेतली. २०२० मध्ये राहुल गांधी यांनी रघुराम राजन आणि राजीव बजाज यांच्याशी संवाद केला, तेव्हा प्रश्नकर्त्याच्या खुर्चीत ते स्वतःच होते. दोन्ही प्रकार पाहण्यासारखे असतील. परंतु ज्याच्याकडून उत्तर घ्यायचे त्याला उपप्रश्न विचारणारे कोणी त्यात नव्हते.

मराठीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्राला मुलाखतीची समृद्ध परंपरा आहे. व्याख्यानमाला, साहित्य संमेलने, गणेशोत्सव यांतून रुजलेली प्रकट मुलाखत मराठी माणसाच्या आवडीची. मुंबई दूरदर्शनवरील 'प्रतिभा आणि प्रतिमा'सारख्या कार्यक्रमाने कलावंत आणि लेखक घराघरात नेले. पाहुण्याला 'बोलते करणे' हे या परंपरेत मुलाखतकाराचे सर्वात मोठे कौशल्य मानले जाते. आठवणी निघाव्यात, किस्से रंगावेत, श्रोत्यांनी दाद द्यावी आणि पाहुणा समाधानाने घरी जावा. लेखक किंवा गायक समोर असताना हेच योग्य. मात्र मंत्री, आयुक्त किंवा पक्षाध्यक्ष समोर असताना त्याला नुसते बोलते करून भागत नाही, कारण बोलणे हाच त्याचा व्यवसाय आहे. त्याच्याकडून उत्तर घ्यावे लागते. तेथे पाहुण्याचा मान राखण्याचा संस्कार आड येतो आणि उलट प्रश्न हा औचित्यभंग वाटू लागतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्यात राज ठाकरे यांनी शरद पवार यांची जाहीर मुलाखत घेतली. तिला लोटलेली गर्दी ही या परंपरेच्या लोकप्रियतेची साक्ष होती. पण तेथे प्रश्नकर्ताही राजकीय पक्षाचा प्रमुख होता. रंगत भरपूर, उलटतपासणी बेताची, हे ओघानेच आले.

२००७ मध्ये 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा', तर २००८ मध्ये 'आयबीएन लोकमत' या वाहिन्या आल्या. त्यांच्यामुळे मराठीत राजकीय उलटतपासणीची सुरुवात झाली खरी. निखिल वागळे यांचा 'आजचा सवाल' हा रात्रीच्या चर्चेचा आणि 'ग्रेट भेट' हा निवांत मुलाखतीचा, असे दोन वेगळे साचे एकाच वाहिनीवर, एकाच सूत्रसंचालकाकडे होते. या दोहोंपैकी पहिल्या साच्याने पुढे सर्व वाहिन्या व्यापल्या.

चौकटींचे अर्थकारण

असे का झाले, याचे उत्तर पैशात आहे. बातमीदाराला घटनास्थळी पाठवायचे तर प्रवास, छायाचित्रणाचा चमू, मुक्काम असा खर्च येतो आणि बातमी हाती लागेलच याची खात्री नसते. मुलाखतीसाठी संशोधक लागतात आणि मोठा नेता वेळ देईपर्यंत वाट पाहावी लागते. चर्चेला यातले काही लागत नाही. पक्षांचे प्रवक्ते स्वतःहून उपलब्ध असतात. तेच त्यांचे काम असते. आता तर त्यांना स्टुडिओत येण्याचीही गरज नाही. घरबसल्या, मोबाइलसमोर बसून ते पडद्यावरील एका चौकटीत हजर होतात. रात्री आठ ते दहा हे वाहिनीच्या उत्पन्नाचे सर्वात महत्त्वाचे तास अशा रीतीने सर्वात कमी खर्चात भरून निघतात.

या साच्यात उपप्रश्नाचे काय होते, हे साध्या हिशेबाने समजते. नियमानुसार जाहिराती आणि वाहिनीची स्वतःची प्रसिद्धी यांसाठी तासाला १२ मिनिटे धरली तर ४८ मिनिटे उरतात. सूत्रसंचालकाची प्रस्तावना, मधली टिप्पणी आणि चित्रफिती यांना बारा मिनिटे दिली तर ३६ मिनिटे राहिली. चौकटी आठ असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेचार मिनिटे येतात, तीही तुकड्यातुकड्यांत. एवढ्या वेळात पाहुणा आपले पाठ केलेले पहिले उत्तर देतो. दुसरा प्रश्न विचारण्याआधीच सूत्रसंचालकाला पुढच्या चौकटीकडे वळावे लागते. प्रवक्त्याला हे ठाऊक असते. त्यामुळे अडचणीचा प्रश्न आला की समोरच्या पक्षावर प्रतिआरोप करायचा आणि गलक्यात वेळ काढायचा, एवढे कौशल्य त्याला पुरते.

याची किंमत कोण मोजते, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगर भागात पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळला आणि १७ जणांचा बळी गेला. महापालिकेच्या धोरणानुसार फलकाची कमाल मर्यादा ४० फूट बाय ४० फूट. कोसळलेला फलक १२० फूट बाय १२० फूट. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील. परवानगी कोणी व कोणत्या अधिकारात दिली, महापालिकेची मर्यादा तेथे लागू होत होती की नव्हती, शहरात रेल्वेच्या हद्दीत असे आणखी किती फलक आहेत आणि त्यांच्या भक्कमपणाची तपासणी कोण करते, हे खरे प्रश्न होते. यातील प्रत्येकाला किमान चार उपप्रश्न निघतात. मात्र मुंबईतील मतदान आठवड्यावर आले होते. फलकाशी संबंधित व्यावसायिकाचे कोणत्या नेत्यासोबत छायाचित्र आहे, यावरील आरोप-प्रत्यारोपांना ऊत आला. पुढे राज्य सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नेमली. समिती नेमणे हे सरकारचे पहिले उत्तर असते. अहवालाचे काय झाले, शिफारशींपैकी किती अमलात आल्या, हा उपप्रश्न असतो. तो विचारायला नंतरच्या महिन्यांत कोणत्या वाहिनीची किती मिनिटे खर्ची पडली, हे प्रेक्षकांनीच आठवून पाहावे.

या साच्याला टीआरपीची जोड आहे. २०२० मध्ये देशातील सुमारे २१ कोटी दूरचित्रवाणी-घरांची आवड जेमतेम ४४ हजार घरांतील यंत्रांवरून मोजली जात होती. त्या मोजणीत गैरप्रकार झाल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी ऑक्टोबर २०२० मध्ये केला. त्यानंतर 'बार्क' या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. आकडे नसलेल्या त्या सुमारे दीड वर्षात चर्चेचा साचा बदलला नाही, ही बाब मात्र विचार करायला लावणारी आहे. भांडण केवळ आकड्यांसाठी होत असते तर ते त्या काळात थांबायला हवे होते. ते थांबले नाही, कारण स्वस्त साच्याची सवय आकड्यांहून अधिक चिवट असते.

त्याचे परिणाम न्यायालयापर्यंतही पोहोचले. द्वेषमूलक वक्तव्यांसंबंधीच्या याचिकांवर सप्टेंबर २०२२ मध्ये सुनावणी करताना न्या. के. एम. जोसेफ यांच्या खंडपीठाने सूत्रसंचालकाच्या जबाबदारीवर नेमके बोट ठेवले. सप्टेंबर २०२३ मध्ये 'इंडिया' आघाडीने १४ सूत्रसंचालकांच्या कार्यक्रमांवर बहिष्कार जाहीर केला. पक्षपाताची तक्रार खरी असो वा नसो, बहिष्काराने साध्य काय झाले? प्रश्न विचारणारा अमान्य म्हणून प्रश्नच ऐकायचा नाही, ही मुभा एका बाजूने घेतली की दुसऱ्या बाजूलाही ती आपसूक मिळते.

लांब गप्पा, आखूड उत्तरे

चौकटींना कंटाळलेला प्रेक्षक आता पॉडकास्टकडे वळला आहे. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी यांनी उद्योजक निखिल कामत यांच्याशी, तर मार्चमध्ये लेक्स फ्रिडमन यांच्याशी तीन तासांहून अधिक वेळ संवाद साधला. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी 'सिक्स्टी मिनिट्स'ची मुलाखत नाकारली आणि जो रोगन यांच्याबरोबर तीन तास गप्पा मारल्या. या प्रकारात गलका नाही, जाहिरातींचा व्यत्यय कमी आहे, माणूस सलग ऐकायला मिळतो. हे गुण नाकारता येणार नाहीत. परंतु वेळ मुबलक असूनही उपप्रश्न दुर्मीळ, असा हा साचा आहे. यजमान हा बहुधा चाहता किंवा जिज्ञासू असतो; पाहुण्याचे विधान तपासून पाहण्याची जबाबदारी तो स्वतःवर घेत नाही. थोडक्यात, ही 'बोलते करण्या'चीच जागतिक आवृत्ती आहे. नुसत्या लांबीने मुलाखत खोल होत नाही.

जुन्या साच्यातही सारे आलबेल होते असे नाही. कडक मुलाखतीचा पुढे अभिनय झाला. पाहुण्याला कोंडीत पकडणे हेच यश मानले जाऊ लागले. प्रसिद्धी सल्लागारांची फौज बाळगणारा नेता त्यातून सुटे आणि साधनहीन, नवखा कार्यकर्ता मात्र सापडे. संपादनाचा प्रश्नही आहेच. 'सिक्स्टी मिनिट्स'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये कमला हॅरिस यांच्या मुलाखतीतील एका उत्तराचा जो भाग दाखवला, त्याहून वेगळा भाग त्याच कंपनीच्या दुसऱ्या कार्यक्रमात दिसला. त्यावरून ट्रम्प यांनी दावा ठोकला आणि पॅरामाउंट कंपनीने जुलै २०२५ मध्ये १ कोटी ६० लाख डॉलर देऊन तो मिटवला. दाव्यात तथ्य किती आणि दबाव किती, यावर मतभेद आहेत. मात्र मुलाखतीचा संपूर्ण मजकूर पहिल्याच दिवशी प्रसिद्ध झाला असता तर संशयाला जागाच उरली नसती.

साधे उपाय

वाहिन्यांनी एका रात्रीत साधू व्हावे, अशी अपेक्षा व्यर्थ आहे. मात्र साचा बदलणे तितके महागही नाही. आठ चौकटींऐवजी दोन किंवा तीन पाहुणे बोलावण्याने खर्च वाढत नाही. वेळ मात्र तिप्पट मिळतो. आठवड्यातून एक रात्र एकाच जबाबदार व्यक्तीसाठी राखून ठेवता येईल. तेथे प्रवक्त्याऐवजी त्या खात्याचा मंत्री किंवा अधिकारी असावा. तो आला नाही तर खुर्ची रिकामी दाखवून प्रश्न वाचून दाखवावेत. मुलाखत कोणत्या अटींवर मिळाली, प्रश्न आधी पाठवले होते का, संपादन झाले का, हे पडद्यावर दोन ओळींत सांगावे. रसर्ट यांच्याप्रमाणे जुने वक्तव्य तारखेसह समोर ठेवावे. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, अनुत्तरित राहिलेला प्रश्न महिन्याभराने पुन्हा विचारावा. संसदेत मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला स्वतंत्र समिती असते. पडद्यावर दिलेल्या आश्वासनांचा हिशेब ठेवणारी तशी व्यवस्था कोणत्याही वाहिनीला स्वतःच्या कार्यालयात उभारता येईल.

सप्टेंबर २०२० मध्ये करोनाच्या कारणाने संसदेच्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास घेण्यात आला नाही. अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे तेवढी मिळाली. त्या वेळी विरोधकांनी आक्षेप घेतला, वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले. दूरचित्रवाणीवरचा उपप्रश्न मात्र कोणत्याही घोषणेविना, चौकट चौकट वाढवत, कमी होत गेला. त्यावर कोणी सभात्याग केला नाही. रात्री नऊ वाजता आठ चेहरे एकाच वेळी बोलू लागले, की ज्याच्याकडून खरे उत्तर हवे आहे ती व्यक्ती त्या आठांत बहुधा नसते. ती घरी बसून तोच कार्यक्रम निश्चिंतपणे पाहत असते.